जपून ठेवलेले टायर

टायर या वस्तूशी माझं कधीच वैर नव्हतं. गाडीला चार असतात, डिकीत एक असतो, आणि पंक्चर झाला की रस्त्याच्या कडेला उभं राहून कोणीतरी थांबायची वाट बघायची असते, एवढं ज्ञान मला संसाराला पुरत होतं. ते पुरेसं नाही, असं गेल्या महिन्यात मला आमच्या इमारतीतल्या झाडून सगळ्यांनी सांगितलं. यांतल्या एकाच्याही दारात ट्रेलर नाही. कधी नव्हता. हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे माझा आवाज चढला तर का चढला ते कळेल.

प्रकरण सुरू झालं ते भट्टीवरून. आमच्या हिने शाळेतली चित्रकलेची नोकरी सोडली आणि मातीकामाचा वर्ग काढायचं ठरवलं. गावाबाहेर एका फर्निचरच्या गोदामामागे खोली घेतली. बंद पडलेल्या एका कॉलेजातून विजेची भट्टी मिळवली, मडकी-कप भाजायची, पिंपाएवढी. ती आमच्या इमारतीखालच्या गॅरेजात येऊन बसली. आणि पत्रकात हिने छापलं, ‘पहिल्याच दिवशी भट्टी लावून दाखवू.’ पहिला दिवस म्हणजे रविवार, सकाळी दहा. आता मातीकामाच्या वर्गात भट्टी नसणं म्हणजे स्वयंपाकाच्या वर्गात शेगडी नसण्यासारखं आहे. आलेली माणसं हात धुऊन घरी जातील आणि पुन्हा फिरकणार नाहीत. शाळेतल्या जागेवर तर दुसरी बाई रुजूही झाली होती. त्यामुळे भट्टी वेळेवर पोचणं हा गमतीचा विषय नव्हता. आदल्या आठवड्यापासून हिने चहात दोनदा मीठ घातलं होतं.

“टेम्पो सांगू का?” तिने विचारलं.

“टेम्पो? घरात मी असताना?” मी म्हणालो. “भट्टी माझ्यावर सोड.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “बरं.”

माझ्या मेहुण्याकडे, म्हणजे हिच्या भावाकडे, एक दोन चाकांचा ट्रेलर अंगणात पडून होता. गाडीच्या मागे अडकवून ओढायचा. त्याने तो मला फुकट दिला. धर्माची गाय आणि दात का गं नाय, असं विचारू नये म्हणतात. मी विचारलं नाही. मेहुण्याने देण्याआधी प्रेमाने त्याला चंदेरी रंग दिला होता. सांगाड्याला दिला, साखळीला दिला, दिव्यांच्या काचांनाही थोडा दिला, आणि उरलेला ब्रश कुठे पुसावा हे न सुचल्यामुळे टायरना पुसला. मी गाडीला हुक बसवून घेतला आणि ट्रेलर इमारतीच्या आवारात आणून उभा केला.

पाच मिनिटांत तळमजल्यावरचे मेजर आले. मेजर विमा कंपनीत कारकून होते, पण चालतात ताठ आणि बोलतात हुकूम दिल्यासारखं, म्हणून त्यांना सगळे मेजर म्हणतात. त्यांनी घराची किल्ली काढली आणि टायरच्या बाजूवर टेकवली. किल्ली आत गेली.

“भेगा,” मेजर म्हणाले. “हा टायर नव्हे, हा अपघात आहे.”

“मग नवे घालू. गाडीचेच जुने दोन आहेत माझ्याकडे.”

“गाडीचे? ट्रेलरला?” मेजरांनी असं काही बघितलं की मी जणू भट्टी पाठीवर नेतो म्हणालो होतो. तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी आले. ते म्हणाले, गाडीचे चालतात, फक्त हवा कमी ठेवा. मेजर म्हणाले, हवा जास्त ठेवायची असते. सेक्रेटरी म्हणाले, जास्त ठेवली तर ट्रेलर उड्या मारतो. मेजर म्हणाले, मारू दे, उड्या मारणारं चाक बसत नाही. अर्धा तास हे दोघे माझ्या ट्रेलरच्या दोन बाजूंना उभे राहून एकमेकांच्या अज्ञानाबद्दल मला सांगत होते, आणि मी मालक असूनही मला मध्ये बोलायला फट मिळाली नाही. ट्रेलर आणल्यापासून आवारात माझी किंमत कमी आणि ट्रेलरची जास्त झाली होती.

मी सरळ टायरच्या दुकानात गेलो. दुकानदार उंच स्टुलावर बसला होता आणि त्याला ग्राहकांना परीक्षेला बसवायची हौस होती.

“ट्रेलर रिकामा किती वजनाचा? भरून किती? चालवणार किती वेगाने? उन्हात उभा असतो की सावलीत?”

मला यातलं काही माहीत नव्हतं. सावलीचं तेवढं सांगितलं.

“टायर बघायला आलात आणि वजन माहीत नाही!” तो दुकानातल्या इतर लोकांकडे बघून म्हणाला. “साहेब, गाडीचा टायर वेगळा आणि ट्रेलरचा वेगळा. गाडीचा मऊ असतो, बसणाऱ्याला हादरे नकोत म्हणून. ट्रेलरमध्ये कोण बसतंय? त्याच्या बाजू जाड लागतात, नाहीतर वळणावर मागचं सामान डुलतं आणि पुढच्या गाडीलाही डुलवतं. ओढलं जाणं सोपं नसतं.”

ओढलं जाणं सोपं नसतं हे तो मला सांगत होता. लग्न झालेल्या माणसाला.

वजन विचारायला हिला फोन केला, तर ती म्हणाली, भट्टीच्या मागे पत्रा ठोकलाय, त्यावर लिहिलंय, आणि पाठही सांगितलं. दुकानदाराने आकडेमोड केली, कसला तरी जाडजूड टायर ठरवला आणि म्हणाला, “हा ठेवत नाही मी. मागवावा लागेल. पंधरा दिवस.”

“मला या रविवारी हवाय.”

“मग मागच्या महिन्यात यायला हवं होतं.”

मागच्या महिन्यात मला ट्रेलर म्हणजे काय हे माहीत नव्हतं. पण हे वाक्य बाहेर रस्त्यावर आल्यावर सुचलं, तोवर मी मागणी नोंदवून बसलो होतो.

मध्येच सेक्रेटरींनी आठवण करून दिली की ट्रेलर रस्त्यावर आणायचा तर वाहन कार्यालयाचा तपासणीचा शिक्का लागतो. हे त्यांना कसं माहीत, हे मी विचारलं नाही. आपल्याला अडवणाऱ्या सगळ्या गोष्टी त्यांना माहीत असतात. मी अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि ट्रेलर घेऊन गेलो. तिथल्या साहेबांनी त्याच्याभोवती एक चक्कर मारली.

“पाटी कुठाय? कंपनीची, मापं लिहिलेली?”

“रंगाखाली आहे.”

“रंगाखालची पाटी आम्ही बघत नाही.”

“मग खरवडू का?”

“पाटी खरवडणं म्हणजे फेरफार.”

“पण साहेब, ट्रेलर तर समोर उभा आहे!”

“पाटी नाही तोवर हा ट्रेलर नाही,” साहेब शांतपणे म्हणाले. “ही चाकांवरची वस्तू आहे. आणि ती चाकंसुद्धा बदलून आणा.”

चाकांवरची वस्तू घेऊन मी घरी आलो. मेहुण्याला फोनवर जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो बिचारा बाटलीभर थिनर घेऊन आला आणि त्याने पाटी हळूहळू पुसून काढली. याला फेरफार म्हणायचं की साफसफाई, यावर मेजर आणि सेक्रेटरी यांचं पुन्हा वाजलं. पण पाटी दिसली, तिच्यावर टायरचं माप दिसलं, आणि ते माप ऐकून दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून आवाज आला, “माझ्याकडे आहेत!”

हे जपूनकाका. बँकेतून निवृत्त झालेले. घरातली कुठलीही नवी वस्तू ते वापरत नाहीत, ‘जपून’ ठेवतात. त्यांच्या सोफ्यावरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. फ्रिजवर दुकानाचा कागद तसाच आहे. टीव्हीच्या रिमोटला पिशवी आहे आणि त्या पिशवीलाही एक पिशवी आहे. फार वर्षांपूर्वी कुठल्याशा दुकानाच्या शेवटच्या विक्रीत त्यांना ट्रेलरचे दोन टायर स्वस्तात मिळाले. ट्रेलर नव्हता. पण टायर आहेत म्हटल्यावर ट्रेलर काय, पुढेमागे घेता येईल, असा त्यांचा विचार होता. याला हसू नका. मी स्वतः एकदा बूट स्वस्त मिळाले म्हणून एक माप लहान घेतले आहेत.

काकांनी टायर माळ्यावरून उतरवले. जाड कापड, आत वर्तमानपत्रं, आत प्लास्टिक, आणि प्लास्टिकच्या आत अंगाला लावायची पावडर. काका दर वर्षी पावडर बदलायचे. टायर काळेकुळकुळीत होते. नव्या टायरवर बारीक रबरी केस असतात ना, तेही सगळे जागेवर. काकांच्या मुलाला दाढी फुटायच्या आधीचे हे टायर. मुलगा आता टकला झाला होता, टायरचा एक केस गेला नव्हता.

“एकदाही जमिनीला टेकलेले नाहीत,” काका पावडर झटकत म्हणाले. “न्या. पण जपून.”

इतके दिवस जो तो मला शहाणपण देत होता, पहिल्यांदाच कोणीतरी टायर देत होतं. मी दुकानदाराला फोन करून मागणी रद्द केली, आणि जरा जोरातच केली. तो “बघतो” म्हणाला. शनिवारी मी टायर बसवून घेतले आणि कार्यालय बंद व्हायच्या आत साहेबांसमोर ट्रेलर उभा केला. साहेबांनी माप पाहिलं, भार पाहिला, नक्षी पाहिली. खाली बसून टायरच्या केसांवरून हात फिरवला.

“असे टायर हल्ली बघायला मिळत नाहीत,” ते म्हणाले आणि शिक्का मारला.

चाकांवरची वस्तू पुन्हा ट्रेलर झाली.

रविवारी सकाळी ही एप्रन घालून खाली आली. “चढवायची ना भट्टी?”

“आधी चाचणी,” मी म्हणालो. “तुझी भट्टी आहे ती, विटांचा ढिगारा नव्हे.” हे मी खरंच काळजीने म्हणालो होतो, आणि नंतर हेच वाक्य आवारात माझ्या तोंडावर फेकलं गेलं, यासारखा अन्याय नाही.

चाचणीला भट्टीइतकं वजन हवं. मेजर म्हणाले, “माणसं बसवा. माणसाचं वजन ठाऊक असतं.” म्हणून मेजर, सेक्रेटरी, मेहुणा आणि स्वतः जपूनकाका (ज्यांना आपले टायर प्रथमच फिरताना बघायचे होते) असे चौघे खुर्च्या टाकून ट्रेलरमध्ये बसले. प्रत्येकाला मी वजन विचारलं. बेरीज भट्टीशी तंतोतंत जुळली. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. मेजरांनी सांगितलेलं वजन बहुधा त्यांच्या लग्नातलं असावं, आणि सेक्रेटरींनी सांगितलेलं वजन मुंजीतलं.

गाडीचं तोंड भिंतीकडे होतं आणि आवारात वळायला जागा नव्हती, म्हणून गेटकडे उलटं जायचं होतं. आता ट्रेलर लावून गाडी मागे घेणं हा काय प्रकार आहे, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. चाक डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जातो. मी उजवीकडे फिरवलं. मेजर ओरडले, “डावं!” सेक्रेटरी ओरडले, “मेजरांचं डावं नव्हे, तुमचं!” माझं तोंड भिंतीकडे, त्यांचं गेटकडे. तरी मी आणलं. गेटपर्यंत आणलं. चौघे राजेसाहेबांसारखे बसले होते, बायका बाल्कनीत उभ्या होत्या, आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला स्वतःचा अभिमान वाटला. गेटाच्या उंबऱ्यावर एक बोटभर उंचवटा आहे. उजवं चाक त्यावर चढलं.

आवाज असा झाला की समोरच्या इमारतीचे दिवे लागले, तेही भर सकाळी.

ट्रेलर उजवीकडे कलला, एक कोपरा गेटाच्या खांबात घुसला, दुसरा दुसऱ्या खांबात, आणि चारही खुर्च्या मेजरांच्या अंगावर आल्या. कोणाला लागलं नाही, हे आधी सांगतो, कारण नंतर वेगळ्या कहाण्या पसरल्या. पण ट्रेलर गेटात पाचरीसारखा बसला. आमच्या इमारतीला गेट एकच. आत माझी गाडी, आत सगळ्यांच्या गाड्या, आत भट्टी. ना काही बाहेर जाणार, ना टेम्पो आत येणार. घड्याळ नऊच्या पुढे सरकत होतं.

जपूनकाका टायरच्या चिंध्यांपाशी उकिडवे बसले. “पण हा वापरलाच नव्हता,” ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. “एकदाही नाही!”

“म्हणून काय झालं?” गेटाबाहेरून आवाज आला. टायरवाला दुकानदार! त्याची छोटी मालवाहू गाडी बाहेर उभी होती. “तुमचे टायर लवकर आले. आलेला माल मी परत पाठवत नाही, फोनवर तुम्ही काहीही म्हणा.” मग त्याने वाकून फाटलेल्या टायरवरचे आकडे वाचले आणि कपाळाला हात लावला. “अहो, टायरला जन्मतारीख असते! बाजूवर छापलेली. रबर नुसतं ठेवलं तरी म्हातारं होतं. याचं आयुष्य तर कधीच संपलं होतं.”

माप बघितलं. भार बघितला. नक्षी, हवा, पाटी, रंग, ब्रश, सगळं बघितलं. मेजरांनी बघितलं, सेक्रेटरींनी बघितलं, सरकारी साहेबांनी केसांवरून हात फिरवला. एवढ्या जाणत्या माणसांत एकालाही जन्मतारीख बघावीशी वाटली नाही, आणि बोलणी मात्र मी खायची! “मी तेव्हाच म्हणालो होतो,” मेजर खुर्चीखालून म्हणाले. काय म्हणाला होतात? कधी म्हणाला होतात? मी तिथेच त्यांच्याशी भांडायला उभा राहणार होतो.

पण माझं लक्ष हिच्याकडे गेलं. ती वळली, गॅरेजात गेली, आणि आतून खटखट आवाज आले. मी मागे गेलो. हिने भट्टीचे पितळी खटके उघडले होते आणि भट्टीचं वरचं कडं अलगद उचलून जमिनीवर ठेवलं होतं. आता दुसरं सोडवत होती. अख्खी भट्टी एकावर एक ठेवलेल्या कड्यांची होती.

“ही सुटते?” मी म्हणालो.

“सुटते.”

“म्हणजे साध्या गाडीतसुद्धा गेली असती? आणि मला सांगितलं नाहीस?”

“सांगितलं होतं. तुम्ही जेवताना मला टायरवरचे आकडे वाचून दाखवत होतात.”

“मग पुन्हा सांगायचं! हातातलं ताट काढून सांगायचं!” मी खूप चिडलो होतो. इतका अपमान दुकानदाराने केला नव्हता.

ती खटक्यावर हात ठेवून थांबली. “माझ्या मातीकामात तुम्ही कधी हात घातला नाहीत,” ती म्हणाली. “यावेळी घातलात. भट्टी माझ्यावर सोड म्हणालात. म्हटलं, करू दे. मला बरं वाटलं होतं.”

माझा राग तसाच होता, फक्त तो कोणावर काढायचा तेच कळेना. मी एक कडं उचललं.

पुढचं सगळं हिने केलं, शाळेत वर्ग सांभाळते तसं. “मेजर, तुम्ही इकडून धरा. काका, रडू नका, पलीकडे उभे राहा. दादा, झाकण सांभाळ.” मेजरांनी हुकूम पाळताना मी प्रथमच पाहिलं. कडी एकेक करून कललेल्या ट्रेलरवरून पलीकडे गेली. दुकानदार म्हणाला, ही गाडी टायरसाठी आहे. ही म्हणाली, “मग मला वर्गावर सोडून परत या,” आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. मला पुढे जागा नव्हती. मी मागे, माझ्या नव्या, जाडजूड, योग्य मापाच्या टायरवर बसून, भट्टीचं कडं दोन्ही हातांनी मिठीत धरून गावाबाहेर गेलो. टायर उत्तम होते. बसायलासुद्धा.

आम्ही पोचलो तेव्हा माणसं दारात उभी होती. काही घड्याळ बघत होती. कडी परत एकावर एक बसली, खटके लागले, हिने बटण फिरवलं आणि छोटा लाल दिवा लागला. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. हिने कपाळावरचा घाम पुसला आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

“हे माझे मिस्टर,” ती म्हणाली. “भट्टी यांनी आणली.”

हे साफ खोटं होतं. खोलीत स्टुलं कमी पडत होती, म्हणून दुकानदाराने उतरवलेले माझे दोन्ही टायर एव्हाना भिंतीशी आडवे पडले होते आणि दोन बायका त्यांवर मांडी घालून बसल्या होत्या, मातीचे गोळे हातात घेऊन. ही त्यांच्यासमोर वाकून अंगठा कसा दाबायचा ते दाखवत होती. तिचा आवाज शाळेतल्यासारखा नव्हता. जरा कापत होता, आणि छान वाटत होता.

फोन वाजला. सेक्रेटरी.

“अहो, गेटात ट्रेलर तसाच आहे! कोणालाही बाहेर पडता येत नाही. मला लग्नाला जायचंय. मेजरांना डॉक्टरकडे जायचंय, कंबर धरलीय. नवे टायर मिळालेत ना तुम्हाला? ताबडतोब घेऊन या आणि हा ट्रेलर हलवा!”

मी टायरवर बसलेल्या बायकांकडे पाहिलं. एकीच्या हातात पहिल्यांदाच वाटीसारखं काहीतरी होत होतं.

“हे बघा,” मी म्हणालो, आणि या प्रकरणात पहिल्यांदा माझा आवाज हवा तिथे चढला. “माझ्या बायकोचा वर्ग चालू आहे. तो एक वाजता सुटतो. तोवर टायर उठणार नाहीत.”

आणि मी फोन बंद केला.